गाठ किती खोल, तेही लिहा

‘लायपोमाची शक्यता’ या दोन शब्दांवर सोनोग्राफीचे कितीतरी रिपोर्ट संपतात. मांडीतली मोठी गाठ, दोनच दिशांची मापं, आणि ती स्नायूवरच्या आवरणाच्या वर आहे की खाली, याचा उल्लेखच नाही. सर्जनला सर्वांत आधी हीच माहिती हवी असते.

त्वचेखालचा लायपोमा ओळखायला सोनोग्राफी पुरते, पण ती मन लावून करायला हवी. उच्च फ्रिक्वेन्सीचा लिनिअर प्रोब, भरपूर जेल, हलका हात. त्वचेला समांतर पसरलेली लंबगोल गाठ, आत तशाच समांतर बारीक उजळ रेषा, प्रोबने दाबली की चपटी होणारी, डॉपलरवर रक्तप्रवाह नाही किंवा अगदी नाममात्र. नुसत्या उजळपणावर मात्र विसंबू नये. लायपोमा भोवतालच्या चरबीपेक्षा उजळ दिसतो, तिच्याइतकाच दिसतो, कधी गडदही दिसतो. आवरणाबाबत शंका असेल तर रुग्णाला तो स्नायू आवळायला सांगावा आणि पडद्यावरून नजर हलवू नये. स्नायूतली गाठ त्याच्याबरोबर हलते. मिनिटभराचं काम आहे, तरी गर्दीच्या ओपीडीत नेमकं तेच राहून जातं.

अशा लहान, वरवरच्या, ठरावीक रूपाच्या गाठीसाठी एमआरआय सांगणं म्हणजे रुग्णाच्या खिशावर विनाकारण भार. पण गाठ 5 सेंटीमीटरपेक्षा मोठी, आवरणाखालची किंवा वाढत चाललेली असेल, तर एमआरआयआधी सुरी लावू नये. गाठ सर्व सिक्वेन्सवर चरबीसारखीच वागली आणि फॅट सप्रेशनमध्ये पूर्ण विझली, तर दिलासा आहे. 2 मिलिमीटरहून जाड सेप्टा किंवा चरबी नसलेला गोळा दिसला, तर अॅटिपिकल लायपोमॅटस ट्युमरचा विचार हवा. तिथे सुईने बायोप्सी आणि एमडीएम2 तपासणी लागते, कारण लायपोमा आणि हा ट्युमर एमआरआयवरही एकमेकांसारखे दिसू शकतात. पोटाच्या मागच्या भागातली चरबीची गाठ तर लायपोमा म्हणून सोडूच नये. ती लायपोसार्कोमा नाही हे सिद्ध होईपर्यंत लायपोसार्कोमाच आहे असं धरून चालावं.

लायपोमा समजून अर्धवट काढलेला सार्कोमा पुन्हा काढताना शस्त्रक्रिया मोठी होते, आणि ती रुग्णाला सोसावी लागते. म्हणून सर्व रेडिओलॉजिस्ट मित्रांना आमची विनंती आहे, की पुढच्या रिपोर्टपासून तिन्ही दिशांची मापं, आवरणाशी असलेला संबंध आणि डॉपलरचा निष्कर्ष न चुकता लिहावा.