साठ मिलीच्या आत काय आहे, ते लिहा

प्रति,
केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांतली एक सूट रद्द करा, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र आहे. साबण, शाम्पू, बाळाचं तेल, क्रीम, टूथपेस्ट, काजळ, केसांचा डाय, म्हणजे न्हाणीघरात आणि आरशापुढे ठेवलेल्या बहुतेक सगळ्या वस्तू या नियमांखाली येतात. वेष्टनावर घटकांची यादी हवी, एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने आधी लिहावेत आणि बाकीचे त्यामागून, असं नियम सांगतो. आणि त्याच दमात सूट देतो: माल द्रव असेल आणि ६० मिलीपेक्षा कमी असेल, किंवा घन-अर्धघन असेल आणि ३० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर ही यादी नसली तरी चालेल. औषधे व सौंदर्यप्रसाधनांच्या जुन्या नियमांत ही सूट होती. १५ डिसेंबर २०२० ला नवे नियम राजपत्रात आले तेव्हा ती काढायची संधी होती. आपण ती घेतली नाही.

घरात नवी वस्तू आणायची असेल तर आई-बाप आधी लहान पॅक घेतात. मुलाला मानवते का, अंगावर काही उठतं का हे बघायचं असतं, आणि नाहीच मानवली तर तीनशे रुपयांची बाटली फेकून देण्याची ऐपत सगळ्यांची नसते. म्हणजे जो पॅक लोक पारखण्यासाठीच घेतात, नेमक्या त्याच पॅकवर आत काय आहे हे न लिहिण्याची मुभा आपण दिली आहे.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिला तान्हेपणापासून इसब आहे. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या वळणांत चट्टे उठतात, रात्री झोपेत ती खाजवत राहते आणि सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. त्वचारोगतज्ज्ञांनी आम्हाला वस्तू पारखण्याची रीत शिकवली. एका वेळी एकच वस्तू बदलायची. ती कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर रोज दोनदा, निदान आठवडाभर लावायची. तिथे लाली, खाज, पुरळ काही आलं नाही तरच अंगाला लावायची. ही रीत आम्ही पाळतो. पण तिला अर्थ येतो तो यादीमुळे. एका क्रीमने चट्टा उठला आणि दुसऱ्याने नाही, तर दोन्ही याद्या शेजारी ठेवून फरक शोधता येतो. यादीच नसेल तर चट्टा उठला एवढंच कळतं, कशाने उठला ते कळत नाही. पुढच्या ट्यूबमध्ये तेच द्रव्य असेल तर मुलीने तोच त्रास पुन्हा सोसायचा.

शेवटी तिची पॅच टेस्ट करावी लागली. पाठीवर चिकटपट्ट्यांच्या रांगा, प्रत्येक पट्टीत नखाएवढ्या वाट्या, प्रत्येक वाटीत एकेक संशयित द्रव्य. ४८ तास पाठीला पाणी लागू द्यायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही, हात मागे नेऊन खाजवायचं नाही. सात वर्षांच्या मुलीला हे सांगणं काय असतं ते ज्याने सांगितलंय त्यालाच कळेल. मग पट्ट्या निघाल्या, मार्करने खुणा केल्या आणि दोन दिवसांनी डॉक्टरांनी पाठ पुन्हा तपासली. दोन खुणांपाशी त्वचा लाल होऊन फुगली होती.

त्यातली एक खूण होती ‘फ्रेग्रन्स मिक्स’ची. हे आठ सुगंधी द्रव्यांचं मिश्रण असतं: सिनॅमाइल अल्कोहोल, सिनॅमल, हायड्रॉक्सीसिट्रोनेलल, अमाइल सिनॅमल, जिरॅनिऑल, युजेनॉल, आयसोयुजेनॉल आणि ओकमॉसचा अर्क. दुसरी होती मिथाइलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाची, म्हणजे वस्तू खराब होऊ नये म्हणून घालतात त्या द्रव्याची. डॉक्टरांनी ही नावं कागदावर लिहून दिली आणि सांगितलं, हा कागद पाकिटात ठेवा, काहीही घेताना मागची यादी बघूनच घ्या. मी दुकानात कागद हातात घेऊन उभी राहते. वीस ग्रॅमची ट्यूब उलटी-पालटी करते. किंमत आहे, मुदत आहे, कारखान्याचा पत्ता आहे, गोंडस बाळाचा फोटो आहे, ‘सौम्य’ आहे, ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ आहे. माझ्या कागदावरच्या नावांपैकी एखादं आत आहे की नाही, एवढंच तिथे नाही.

‘नैसर्गिक’ असं छापल्याने हा प्रश्न सुटत नाही. युजेनॉल लवंगेच्या तेलात असतं, जिरॅनिऑल गुलाबाच्या. दिवाळीच्या पहाटे आपण मुलांना लावतो त्या सुगंधी उटण्याच्या पुडीतही ही द्रव्यं असू शकतात. माझ्या मुलीची त्वचा झाडातून आलेलं युजेनॉल आणि कारखान्यात बनलेलं युजेनॉल यांत भेद करत नाही. तिच्या आजीला हे पटवायला मला वेळ लागला. पटवताना हातात छापील यादी असती तर तो वाद पाच मिनिटांत मिटला असता.

मिथाइलआयसोथायाझोलिनोनबद्दल जगाला पुरेसं माहीत आहे. अमेरिकन काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली त्याला त्या वर्षाचं प्रमुख ॲलर्जन म्हणून जाहीर केलं. २०१४ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात सहा मुलांची हकिगत प्रसिद्ध झाली. तोंडाभोवतीचं आणि बुडाचं पुरळ इसब किंवा दुसराच आजार समजून त्यांच्यावर उपचार चालले होते. कारण निघालं ओले वाइप्स आणि त्यातलं हे परिरक्षक. वाइप्स बंद केल्यावर मुलं बरी झाली. युरोपीय संघाने २०१७ पासून अंगावर तसंच राहणाऱ्या प्रसाधनांत त्याला बंदी घातली, आणि धुऊन टाकायच्या वस्तूंत २०१८ पासून दशलक्ष भागांत १५ भाग ही मर्यादा घातली. सुगंधांच्या बाबतीत तिथे २००५ पासून २६ द्रव्यांची नावं वेगळी लिहावी लागतात. अंगावर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्क्याहून आणि धुऊन टाकायच्या वस्तूत ०.०१ टक्क्याहून जास्त प्रमाण असलं की नाव छापायचंच. २०२३ च्या सुधारणेने ही यादी ऐंशीच्या पुढे गेली आणि नव्या उत्पादनांना त्यासाठी ३१ जुलै २०२६ ही तारीख दिली. आपल्याकडे काही कंपन्या मोठ्या बाटलीवर लिनालूल, लिमोनिन अशी नावं छापतात, काही नुसतं ‘परफ्यूम’ लिहून मोकळ्या होतात. लहान पॅकवर तेवढंही छापायची सक्ती नाही.

‘लहान पॅकवर जागा नसते’ हे उत्तर मला ठाऊक आहे. मला ते एका कंपनीच्या ग्राहक सेवेकडून मिळालं. एका सरकारी कार्यालयाकडे तक्रार केली, तेव्हा ती पुढील कार्यवाहीसाठी वर्ग केल्याचा निरोप आला आणि त्यानंतर काहीच नाही. कंपनीला मी आठ नावं लिहून पाठवली आणि यांतलं एक तरी आहे का, एवढंच विचारलं. उत्तर आलं की फॉर्म्युला गोपनीय आहे. मी फॉर्म्युला मागितला नव्हता. प्रमाण मागितलं नव्हतं. मुलीच्या अंगाला लावायच्या वस्तूत तिला अपाय करणारं द्रव्य आहे का, हे विचारलं होतं. कंपनी असं उत्तर देऊ शकली, कारण कायद्याने तिला यादी छापण्यापासून मोकळं ठेवलंय, आणि कायदा आपण लिहिलेला आहे.

जागेचा प्रश्न युरोपाने केव्हाच सोडवला. तिथला २००९ चा नियम म्हणतो की वस्तूवर यादी मावत नसेल तर सोबतच्या पत्रकावर, चिठ्ठीवर, पट्टीवर किंवा कार्डावर द्या, आणि वेष्टनावर उघड्या पुस्तकावर ठेवलेल्या हाताची खूण छापा, म्हणजे गिऱ्हाइकाला ती कुठे वाचायची ते कळेल. अगदी सुटा साबण असेल तर विक्रीच्या जागेजवळ यादी लावा. लहान आकारासाठी यादी द्यायची जागा बदलते, यादी माफ होत नाही. आपल्याच मंत्रालयाने १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषधी ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा केला. औषधाच्या पट्टीवर जे जमतं ते क्रीमच्या ट्यूबवर का जमू नये? पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर गहू आणि दूध असल्याची नोंद मावते. पाऊचवर नटीचा चेहरा मावतो, ‘वीस टक्के जादा’ मावतं.

आणखी एक गोष्ट आपल्याच नियमांतली आहे. पॅराफेनिलिनडायअमिन असलेल्या केसांच्या डायवर इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत सावधगिरीची सूचना छापावी लागते. त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा, भुवया-पापण्यांना लावू नका, डोळे जाऊ शकतात. चाचणी कशी करायची तेही आत सांगावं लागतं: कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून चोवीस तास थांबा. म्हणजे घरी चाचणी करणारा ग्राहक आपल्या नियमांना ओळखीचा आहे. स्थानिक भाषेत छापणं शक्य आहे, हेही आपल्याला मान्य आहे. माझ्या पांढऱ्या केसांसाठी ही काळजी आपण घेतली. माझ्या मुलीच्या क्रीमसाठी ती का घेत नाही?

शिवाय मुलीच्या अंगाला फक्त तिच्याच वस्तू लागत नाहीत. ती माझ्या खांद्यावर गाल टेकते तेव्हा माझं क्रीम तिला लागतं. आजीच्या मांडीवर झोपते तेव्हा आजीच्या केसांचं तेल लागतं. बाबांनी दाढीनंतर लावलेलं लोशन पापा घेताना लागतं. दुसऱ्याच्या प्रसाधनातून असं पुरळ उठतं, हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगलं माहीत आहे. म्हणून मला घरातल्या प्रत्येकाची प्रत्येक वस्तू पारखावी लागते. लिप बाम चार-पाच ग्रॅमचा असतो. बाजारातल्या काजळाच्या कांडीत साधारण ग्रॅमचा तिसरा हिस्सा माल असतो. अशा ऐंशीहून अधिक कांड्या एकत्र केल्या तर कुठे ३० ग्रॅम भरतील. याचा अर्थ काजळ ही वस्तू यादीच्या सक्तीखाली कधी येऊच शकत नाही. ती आपण डोळ्यांत घालतो, आणि आपल्याकडे तान्ह्या मुलांच्याही डोळ्यांत घालतात. प्रसाधनांच्या रंगांत शिसं दशलक्षात २० भागांपेक्षा आणि आर्सेनिक २ भागांपेक्षा जास्त नको, असं आपले नियम सांगतात. चांगलं आहे. पण कोणता रंग घातला आहे, हे डोळ्यांत घालणाऱ्याला सांगायचं की नाही, ते आपण कारखानदाराच्या मर्जीवर सोडलंय.

माझ्याजवळ निदान पर्याय आहे. मी मोठी बाटली घेऊ शकते, तिच्यावरची यादी वाचू शकते. आमच्या गल्लीच्या टोकाला किराणा दुकानात शाम्पूच्या पाऊचच्या माळा लटकतात. पाच-सहा मिलीचं एक पाऊच, रुपया-दोन रुपयांना. ज्यांचं हातावर पोट आहे त्या घरांतले लोक आठवड्याला एक तोडून नेतात. १९८० च्या दशकात तमिळनाडूतून ही पाऊच देशभर पसरली आणि गरिबाच्या घरात शाम्पू पोचला, हे खरंच आहे. पण ज्या घरात मोठी बाटली कधी येतच नाही, त्या घरातल्या आईला घटकांची यादी कधीच दिसत नाही. तिच्या मुलाच्या डोक्यात खवडे आले, मानेवर पुरळ आलं, तर ती सरकारी दवाखान्यात रांगेत उभी राहते. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काय लावता, तर ती पाऊच दाखवते. त्या पाऊचवर डॉक्टरांनाही वाचायला काही नसतं. ज्याच्याकडे पैसे कमी त्याला माहितीही कमी, ही व्यवस्था आपल्या नियमाने उभी केली आहे. याला मी अन्याय म्हणते.

कोणतंही प्रसाधन ग्राहकाची दिशाभूल करणारी कल्पना पोचवू शकत नाही, असंही आपले नियम म्हणतात. पुढच्या बाजूला ‘बाळाच्या नाजूक त्वचेसाठी’ आणि मागची बाजू कोरी, ही दिशाभूल नाही तर काय आहे?

६० मिली आणि ३० ग्रॅमची सूट काढून टाका. जिथे जागा खरोखर नाही तिथे पत्रक, चिठ्ठी किंवा कोड द्यायला लावा, आणि पाऊचच्या माळेबरोबर दुकानदाराकडे यादी लटकवणं सक्तीचं करा, कारण सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन नसतो. ॲलर्जी आणणाऱ्या सुगंधांची नावं ‘परफ्यूम’ या शब्दामागे राहणार नाहीत, असं नियमाच्या मजकुरातच स्पष्ट लिहा. डायच्या सूचनेसारखी मुलांच्या वस्तूंवरची सूचनाही स्थानिक भाषांत छापायला लावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. औषध तांत्रिक सल्लागार मंडळाचा सल्ला घेऊन नियमात दुरुस्ती करण्याचा अधिकार १९४० च्या कायद्याने केंद्र सरकारला दिलेलाच आहे. दुरुस्तीचा मसुदा काढा, हरकती मागवा. माझी हरकत नसेल, पाठिंबा असेल, आणि माझ्यासारख्या आई-बापांच्या सह्या मी स्वतः गोळा करून पाठवीन.

इसब असलेल्या मुलीची आई,
नाशिक