अर्धे तुमचे, अर्धे सरकारचे

आठवडाभर डेडलाइनचं रडगाणं झालं, आज जरा वेगळा विषय. नाव ऐकून लगेच खिडकी बंद करू नका. विषय आहे अनुदान! त्यातही एका खास प्रकारचं, 'मॅचिंग ग्रँट' नावाचं. छोट्या उद्योगाला नवं मशीन घ्यायचंय, चांगला सल्लागार नेमायचाय, तर काही वाटा त्याने घालायचा आणि त्याला जोडून काही वाटा सरकारने. संपली व्याख्या.

आपल्यासारख्या नोकरदारांना हे नवीन नाही खरं तर. सॅलरी स्लिप काढून बघा. पीएफचे १२ टक्के आपले कापले जातात आणि कंपनी तेवढेच घालते. आपण घातलेच नाहीत तर कंपनीचेही येत नाहीत. मॅचिंग ग्रँटमागचा विचार हाच. फुकट मिळालेल्या पैशाची किंमत नसते. स्वतःच्या खिशातले गेले की माणूस दहा ठिकाणी चौकशी करून मशीन घेतो. शिवाय कुणाला कोणतं मशीन लागतं हे मंत्रालयात बसून ठरवावं लागत नाही. तो ठरवतो, सरकार फक्त वजन टाकतं. कागदावर तरी यात खोट काढता येत नाही.

मग हे सगळं आत्ता सुचायचं कारण? कारण आमचं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, १ ऑगस्ट १९६२ ला जन्माला आली आणि तिची सुरुवात याच वागळे इस्टेटपासून झाली. कारखान्यांसाठी आखलेले प्लॉट, नंबर दिलेले रस्ते, पाणी, वीज, ९५ वर्षांची लीज. मुंबईला लागून असल्यामुळे इंजिनिअरिंगचे छोटे कारखाने इथे भराभर उभे राहिले. आज त्यातल्या कित्येक प्लॉटवर काचेच्या इमारती आहेत आणि त्यात आपण बसतो, आयडी कार्ड गळ्यात अडकवून. पण सगळं संपलंय असं अजिबात नाही हं. रोड नंबर २२ वरून जरा आत शिरा, गाळ्यागाळ्यांत लेथ आणि सीएनसी चालू असतात. मोठ्या कंपन्यांच्या मशीनमध्ये जाणारे बारीकसारीक पार्ट तिथे बनतात. माझ्या मामाचाही असाच एक गाळा आहे. नऊ कामगार, दोन सीएनसी, एक जुनी लेथ जी तो विकायला तयार नाही.

आता सरकार या लोकांसाठी काही करत नाही असं म्हणणं चुकीचं होईल. योजनांची यादी चांगली लांबलचक आहे. आयएसओ ९००० प्रमाणपत्राचा ७५ टक्के खर्च, कमाल ७५ हजार रुपये, परत देणारी योजना १९९४ मध्ये आली. मशीनसाठी सीएलसीएसएस २००० साली सुरू झाली. कर्ज काढून ठरावीक तंत्रज्ञानाचं मशीन घेतलं की सुरुवातीला १२ टक्के, आणि २००५ पासून १५ टक्के, कमाल १५ लाख. ती सर्वसाधारण गटासाठी मार्च २०२० मध्ये थांबली. २००८ पासून पीएमईजीपी आहे. नवा उद्योग शहरात सुरू करणाऱ्या सर्वसाधारण गटातल्या माणसाला १५ टक्के अनुदान, स्वतःचे किमान १० टक्के, बाकी बँकेचं कर्ज. 'झेड' प्रमाणपत्र २०१६ चं, ते २०२२ मध्ये नव्याने आलं, त्यात सूक्ष्म उद्योगाला फीचे ८० टक्के सुटतात. 'लीन' योजना २०२३ मध्ये नव्या रूपात आली, तिच्यात सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकारचा.

एवढं सगळं आहे, तरी गाळ्यातला माणूस वाढत का नाही? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण, बहुतेक ठिकाणी आधी तुम्ही खर्च करायचा आणि मग पैसे मागायचे. आपल्या कंपन्यांतही असतं ना, सर्टिफिकेशनची फी आधी स्वतः भरा, पास व्हा, मग बिल लावा. ज्याच्या खात्यात पैसे आहेत तो परीक्षा देतो. ज्याचा ईएमआय पाच तारखेला कटतो तो 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतो. छोट्या उद्योगाचं तसंच आहे. त्याची अडचणच मुळी आजच्या पैशाची असते आणि त्याला आपण दीड वर्षांनंतरच्या पैशाचं आमिष दाखवतो. पीएमईजीपीचं अनुदानही तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही हे खरं, पण ते पैसे हातात खेळत नाहीत हेही खरंच. मामाने एक मशीन अशाच एका योजनेत घेतलं होतं. फाइल एका बँकेत इतकी रेंगाळली की अनुदान आलं तोवर कर्ज जवळजवळ फिटलं होतं. तेव्हापासून त्याचं एक वाक्य ठरलेलं आहे: "अरे, सबसिडी धरून हिशोब करू नये. आली तर दिवाळी, नाही आली तर काही अडायला नको."

नीट ऐका हे वाक्य. ज्याला अनुदान नसतानाही काही अडत नाही, त्यालाच ते मिळतं आहे! त्या पैशाने जगात नवीन काहीच घडलं नाही, मशीन तर तो घेणारच होता. आणि जो अनुदानाशिवाय घेऊच शकला नसता, तो दारापर्यंत पोचलाच नाही.

दुसरं कारण, ज्याचे पैसे द्याल तेच तुम्हाला मिळतं. सर्टिफिकेटचे पैसे दिलेत की सर्टिफिकेट मिळतं. वागळेत असे गाळे दाखवतो जिथे भिंतीवर आयएसओची फ्रेम आहे आणि त्याच भिंतीखाली कोणता पार्ट कुठल्या बॅचचा हे न लिहिलेले क्रेट पडलेत. मशीनच्या किमतीच्या टक्क्यात अनुदान दिलंत तर कोटेशन फुगवायची चोरवाट तयार होते. दहा लाखांचं मशीन वीस लाखांचं दाखवलं की 'अर्धे तुमचे' हा भाग आपोआप गायब. मग अधिकारी संशयाने बघतात, कागद वाढतात, कागद वाढले की एजंट येतो, आणि एजंट परवडतो तो मोठा गाळेवाला. प्रामाणिक माणूस मात्र झेरॉक्सच्या दुकानात!

तिसरं कारण खास आपलं, ठाण्याचं. महाराष्ट्राने १९६४ पासून उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना चालवली. हेतू असा की मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातली गर्दी हटावी आणि उद्योग मागास भागांत जावेत. त्यामुळे आपला भाग 'अ' गटात, म्हणजे विकसित, आणि मोठ्या सवलती बाकीच्या गटांना. धोरण म्हणून मी याच्या विरोधात नाही. मराठवाड्यात किंवा विदर्भात कारखाना जावा असं कुणाला वाटणार नाही? पण दोनशे कामगारांचा कारखाना स्थलांतर करू शकतो, नऊ कामगारांचा गाळा नाही. त्याचे कामगार कळवा, दिवा, डोंबिवलीहून येतात, हीट ट्रीटमेंटवाला पलीकडच्या गल्लीत, प्लेटिंगवाला त्याच्याही पलीकडे. तो हलत नाही, वाढतही नाही. जागेचे भाव मात्र वाढत राहतात आणि एक दिवस जागा भाड्याने देणं हे पार्ट बनवण्यापेक्षा फायद्याचं ठरतं. मग तिथे आपण येतो, लॅपटॉप घेऊन.

"मग बंद करा अनुदानं, बाजाराला ठरवू द्या," असं म्हणणारे मित्र मला आहेत. (त्यातले दोघे स्टार्टअपमध्ये आहेत आणि दुसऱ्याच्या पैशावर कॅशबॅक वाटतात, पण असो.) त्यांच्यासाठी घरच्या अंगणातलं एक उदाहरण.

तारापूर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. तारापूर आणि सीमेपलीकडच्या उंबरगावच्या १७ कापड कंपन्यांवर २००८ पासून एक प्रयोग झाला. निकोलस ब्लूम, डेव्हिड मॅकेन्झी वगैरे अर्थतज्ज्ञांनी केलेला. काही कारखान्यांना नामांकित फर्मचे सल्लागार काही महिने फुकट दिले, बाकीच्यांना फक्त महिनाभराची तपासणी. सल्लागारांनी काय केलं? रॉकेट सायन्स काही नाही. फरशी साफ ठेवा, सुताच्या गोदामात लेबलं लावा, कुठल्या मागावर किती दोष निघाले ते रोज लिहा, रोज दहा मिनिटं मीटिंग घ्या. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मालकांनी हे आधी का केलं नव्हतं? बऱ्याच जणांना वाटत होतं की आपलं बरं चाललंय. आणि अजून एक मजेदार गोष्ट दिसली. कारखाना किती मोठा होणार हे घरात भाऊ आणि मुलगे किती यावर बरंचसं ठरत होतं, कारण बाहेरच्यावर भरवसा नाही!

हे कारखाने सरासरी पावणेतीनशे कामगारांचे होते, गाळ्यापेक्षा खूप मोठे. तो सल्ला बाजारभावाने घेतला असता तर दर कारखान्यामागे अडीच लाख डॉलर लागले असते. तेव्हा आकडा जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण मुद्दा कळतो. अडलेलं असतं ते नेहमी मशीनच नसतं, कधीकधी माहिती असते. आणि माहितीची गंमत अशी की ती मिळेपर्यंत तिची किंमत कळत नाही, म्हणून तिच्यावर कुणी आपणहून खर्च करत नाही. नेमकं तिथेच सरकारच्या वाट्याने फरक पडतो. २०१७ मध्ये तेच संशोधक पुन्हा गेले तेव्हा शिकवलेल्या सवयींपैकी जवळजवळ अर्ध्या सुटल्या होत्या, तरीही हे कारखाने बाकीच्यांच्या पुढेच होते.

मॅचिंग ग्रँटची थेट परीक्षा घेणं मात्र अवघड गेलंय. आफ्रिकेतल्या सहा देशांतल्या सात योजनांची अशी परीक्षा घ्यायचं ठरलं होतं, एकही पूर्ण झाली नाही. कारणं वाचून हसावं की रडावं कळत नाही: योजनेला सतत उशीर, लॉटरी काढायला पुढाऱ्यांचा नकार, आणि अर्ज करणारेच थोडे, कारण पात्रतेच्या अटी अति कडक. ओळखीचं वाटतंय ना? येमेनमध्ये मात्र लॉटरी काढून अनुदान दिलं गेलं, आणि पहिल्या वर्षात ते मिळालेल्यांनी न मिळालेल्यांपेक्षा जास्त नवे प्रयोग आणि जास्त मार्केटिंग केलं. म्हणजे पैसा 'तसंही केलंच असतं' यावर गेला नाही. पुढे तिथे युद्ध पेटलं आणि लांबचा परिणाम बघायचा राहून गेला.

मग माझं म्हणणं काय? अनुदान बंद करू नका, त्याचा आकार बदला.

रक्कम छोटी ठेवा आणि वेगाने द्या. पाच-दहा लाखांच्या आतल्या कामाला गाळेवाल्याने आपला वाटा भरला की सरकारचा वाटा त्याच आठवड्यात थेट विक्रेत्याच्या खात्यात जावा. उद्यम नोंदणी, जीएसटी, यूपीआय सगळं आहे आपल्याकडे. सिस्टिम लिहिणारे आपणच आहोत, हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही हे मी छातीठोकपणे सांगतो.

सर्टिफिकेटऐवजी बदलाचे पैसे द्या. सल्लागाराच्या फीचा शेवटचा हप्ता रिजेक्शन किती घटलं ते बघून द्यावा. एका गाळ्याला सल्लागार परवडत नसेल तर शेजारच्या दहा गाळ्यांना मिळून एक द्या. टीएसएसआयए, म्हणजे ठाण्याच्या लघुउद्योजकांची संघटना, वागळेतच आहे. दहा जणांना एकत्र बसवायला यापेक्षा बरी जागा कोणती?

अर्ज जास्त आणि पैसे कमी असतील तर किमान पात्रता बघून सरळ चिठ्ठ्या टाका. वशिल्याला जागा नाही, आणि मिळालेले व न मिळालेले यांची तुलना करून पैसा कामी आला का हेही कळतं. आणि नऊ कामगारांच्या गाळ्याला 'अ' गटाची शिक्षा नको.

आता शेवटचं, आणि हे सरकारसाठी नाही, तुमच्या-माझ्यासाठी आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात; उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. कागदावर हक्क भक्कम आहे. पण वर्षभराचं ७० टक्के काम देणाऱ्या कंपनीवर कोण दावा लावणार? २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली की असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येणार नाहीत. तरीसुद्धा 'नव्वद दिवस' हा शब्द गाळ्यांमध्ये रोज ऐकू येतो.

सरकार एका हाताने मामाला तीन लाखांचं अनुदान देतं आणि मोठी कंपनी दुसऱ्या हाताने त्याचे आठ लाख तीन महिने वापरते. यात नक्की कोण कुणाला ग्रँट देतंय?

आणि त्या कंपनीत कोण बसतं? आपण! कुणी परचेसमध्ये आहे, कुणी फायनान्समध्ये, आणि कुणी माझ्यासारखा, ज्याने व्हेंडर पेमेंटच्या स्क्रीनवर 'पेमेंट टर्म्स' हा रकाना बनवलाय. सोमवारी गेलात की एवढंच करा. आपल्या व्हेंडरपैकी उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म आणि लघु किती आणि त्यातल्या किती जणांची बिलं ४५ दिवसांच्या पुढे गेलीत, याची एक यादी काढा आणि साहेबांना मेल करा. अर्ध्या तासाचं काम आहे. वागळेतल्या कुणाच्या तरी महिन्याच्या पगाराची सोय त्या यादीत अडकलेली असेल.