डाखाऊ, आणि नानांचं एक वाक्य

म्युनिकला भावाकडे गेले होते तेव्हा एक दिवस डाखाऊची छळछावणी बघून आले. "सुट्टीत असलं कशाला बघायचं?" असं आईने फोनवर विचारलं, तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आता प्रयत्न करते.

लोकलने डाखाऊ स्टेशन, तिथून बस. छावणी कुठेतरी रानात, माणसांपासून लांब असेल असं माझ्या डोक्यात उगाच होतं. बसमध्ये भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आज्या होत्या!

फाटकाच्या लोखंडी दारावर जर्मनमध्ये लिहिलंय, काम केल्याने मुक्ती मिळते. मूळ दार २०१४ मध्ये चोरीला गेलं आणि २०१६ मध्ये नॉर्वेत सापडलं. आता ते संग्रहालयात आहे, फाटकाला नक्कल बसवलीय. (असलं दार चोरून कोणी करतं काय, देव जाणे.) आत बहुतेक बराकींचे नुसते पाये उरलेत. दोन पुन्हा बांधल्यात. त्यात लाकडी, एकावर एक फळ्यांचे बिछाने. अंथरूण काटेकोर सरळ नसलं, फरशीवर डाग दिसला, तरी कैद्याला शिक्षा व्हायची. हजेरीला तासन् तास उभं करायचे. शिस्त!

या शब्दापाशी मी अडकले. आमचे नाना (आणि तुमच्याकडचेही कोणीतरी असतीलच) सिग्नल तोडणारा रिक्षावाला दिसला की म्हणतात, "या देशाला एक हिटलरच हवा." रेशनच्या रांगेत मीही एकदा म्हटलंय. सगळे हसले होते.

हिटलर ३० जानेवारी १९३३ ला चॅन्सेलर झाला आणि २२ मार्चला डाखाऊ सुरू झालं. दोन महिनेसुद्धा लागले नाहीत. आणि हे गुपचूप झालं नाही. म्युनिकचा तेव्हाचा पोलीसप्रमुख हिमलर, त्याने पत्रकारांना बोलावून सांगितलं आणि २१ मार्चच्या पेपरात छापून आलं: पाच हजार माणसं मावतील अशी छावणी. सुरुवातीला आत गेले ते मुख्यत: राजकीय विरोधक, कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट. देशात शांतता हवी म्हणून. चहा पिता पिता बातमी वाचून किती जणांनी "बरं झालं, जरा शिस्त लागेल" म्हटलं असेल? २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्य पोचेपर्यंत डाखाऊ आणि तिच्या उपछावण्यांमध्ये दोन लाखांहून जास्त माणसं डांबली गेली. सुमारे ४१,५०० मेली.

त्या चहा पिणाऱ्यांचा मला राग येईना. ते फार ओळखीचे वाटले.

असो. नाना, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे. चिडू नका, दिवाळीत आले की सविस्तर भांडू. रिक्षावाल्याला हव्या तेवढ्या शिव्या घाला, मी साथ देईन. फक्त ते वाक्य पोरांसमोर नको.