वेग कमी, म्हणजे धोका कमी?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २०२५ मध्ये एक जुना निर्बंध मोडीत काढला. राज्याच्या शेतीबहुल भागात हरणांच्या शिकारीला रायफल चालत नसे. बारा बोअरसारखी शॉटगन आणि तिच्यातून सुटणारा शिशाचा एकच जाड गोळा, म्हणजे ‘स्लग’, वापरावा लागे. २०२६ पासून ही सक्ती राज्यपातळीवर उरलेली नाही. ती ठेवायची की नाही हे आता काउंट्यांनी ठरवायचे आहे. शेजारच्या विस्कॉन्सिनने हाच निर्णय २०१३ मध्ये घेतला होता.

निर्बंधामागचा तर्क साधा होता. प्रदेश सपाट, शेतात विखुरलेली घरे. रायफलची दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास वेगाने सुटते. अठ्ठावीस ग्रॅमचा स्लग पाचशेच्या आतबाहेर. तो लवकर मंदावतो, लवकर खाली येतो. म्हणून तो सुरक्षित, असे मानले गेले.

या समजुतीला पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी झालेल्या २००७ च्या अभ्यासाने धक्का दिला. नळी वर रोखली असेल तर रायफलची गोळीच दूर जाते, यात वाद नाही. पण शिकारी बहुधा आडवा नेम धरतो. अशा वेळी नेम चुकलेला जड स्लग जमिनीवर आपटून उसळतो आणि पुढे जातो. एकूण अंतरात तो रायफलच्या गोळीलाही मागे टाकू शकतो.

हाच भ्रम घरी काडतुसे भरणाऱ्यांमध्येही आढळतो. अमेरिकेत हा छंद कायदेशीर आहे. खांद्याला बसणारा धक्का कमी व्हावा म्हणून अनेकांना मंद स्लग हवा असतो, आणि ‘दारू थोडी कमी घातली की झाले’ असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. दाब पुरेसा चढला नाही तर दारू नीट जळत नाही आणि स्लग नळीतच अडकू शकतो. आवाज दबका आला म्हणून दुर्लक्ष करून दुसरा बार टाकला, की नळी फुटते. शॉटगनची नळी मुळातच रायफलपेक्षा कितीतरी कमी दाबासाठी बनवलेली असते. शिवाय कवच, प्रायमर, वॅड, दारू आणि स्लग यांचा मेळ एकत्रच तपासलेला असतो. त्यातली एक वस्तू बदलली तरी दाब बदलतो. म्हणूनच मंद काडतूस हवे असेल तर त्यासाठीच तपासलेले, छापील प्रमाण जसेच्या तसे पाळावे, नाहीतर कारखान्याचे तयार काडतूस घ्यावे. अंदाजाला इथे जागा नाही.

धोरण आखणारे आणि घरात काडतूस भरणारे, दोघांनीही एकच आकडा पाहिला, वेगाचा. गोळी शेवटी कुठे थांबते आणि नळीच्या आत काय घडते, हे प्रश्न मागे राहिले. आता रायफल आली तरी नेमामागे मातीचा बांध आहे की कुणाचे घर, हे पाहण्याची जबाबदारी संपत नाही. ती कोणत्याही कायद्याने शस्त्राच्या जातीवर सोपवता येणार नाही.