निर्लेखनाच्या यादीत टाकण्याआधी एक पेनड्राइव्ह लावून बघा



आपल्या बऱ्याच शाळांत एक कोपरा असा असतो, जिथे जुने संगणक कापडाखाली झाकून ठेवलेले असतात. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि त्यानंतर लोकसहभागातून गावोगावच्या शाळा डिजिटल झाल्या. कुणी कांदा विकून आलेल्या पैशातून वर्गणी दिली, कुणी मजुरीतून. त्यातले कितीतरी संगणक आज जडसंग्रह नोंदवहीत आहेत, पण मुलांच्या हातात नाहीत.

नांदगाव तालुक्यातल्या आमच्या छोट्या शाळेतही असे तीन होते. दोन सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं लागायची, तिसरा सुरूच होत नव्हता. दुरुस्तीवाल्याने बघितलं आणि म्हणाला, “मॅडम, यात नवीन विंडोज चालणार नाही. नवेच घ्या.” निर्लेखनाचा प्रस्ताव करायचं जवळपास ठरलं होतं.

त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण विंडोज चालत नाही म्हणजे संगणकच गेला, हे काही खरं नाही. आपण इथेच फसतो. आपल्याला संगणक म्हणजे विंडोज एवढंच माहीत असतं.

म्हणून माझं मत असं आहे, की प्रत्येक शाळेत एक असा पेनड्राइव्ह असावा, ज्यावरून संगणक वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर सुरू करता येईल. आणि तो दुकानदाराने नाही, शिक्षकाने स्वतः बनवलेला असावा.

हे वाटतं तेवढं अवघड नाही. पूर्वी एका पेनड्राइव्हवर एकच सिस्टीम बसायची. दुसरी हवी, की पुसा आणि पुन्हा बनवा. २०२० मध्ये व्हेंटॉय नावाचं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आलं आणि काम सोपं झालं. कृती अशी:

१. ३२ जीबीचा एक चांगला पेनड्राइव्ह घ्या. चालू संगणकावर व्हेंटॉय उतरवून घ्या, त्यात आपला पेनड्राइव्ह निवडा आणि इन्स्टॉल करा. यात पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. व्हेंटॉय दोनदा विचारतं. मी दोन्ही वेळा न वाचता ‘होय’ म्हटलं आणि आकारिक मूल्यमापनाच्या माझ्या नोंदी गेल्या! तुम्ही वाचा.

२. हव्या त्या सिस्टीमची आयएसओ फाइल तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या आणि गाणी कॉपी करतो तशी पेनड्राइव्हवर कॉपी करा. मी तीन ठेवल्या आहेत. ४ जीबी रॅमच्या संगणकासाठी लिनक्स मिंट, अगदी जुन्यासाठी हलकी अँटिएक्स, आणि आपल्याच सी-डॅकने तयार केलेली बॉस. पुढे एखादी नको वाटली तर ती फाइल फक्त काढून टाकायची.

३. पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करा आणि लगेच बूट मेनूची कळ दाबा. ती कंपनीप्रमाणे एफ१२, एफ९ किंवा एस्केप अशी असते. पेनड्राइव्ह निवडला की तिन्ही नावांची यादी समोर येते.

४. आता ‘लाइव्ह’ सुरू करा. यात सिस्टीम पेनड्राइव्हवरून चालते, हार्डडिस्कवर काही बसवत नाही. नीट बघून घ्या. पडद्यावर ‘इन्स्टॉल’ दिसलं तरी मुख्याध्यापकांशी बोलल्याशिवाय आणि जुन्या फाइल दुसरीकडे ठेवल्याशिवाय त्याला हात लावू नका.

आमचे दोन्ही संथ संगणक असे सुरू झाले. आणि तो बंद पडलेला तिसरा? त्याची फक्त हार्डडिस्क गेली होती. पेनड्राइव्हवरून तोही चालला. निर्लेखनाच्या कागदावर सही झाली असती, तर हे कधीच कळलं नसतं.

आता सहकारी विचारतात, “पण पुढे मुलांना विंडोजच लागणार ना? एमएस-सीआयटी करताना गोंधळ नाही का होणार?” प्रश्न रास्त आहे. पण आमच्या वर्गात बघा. मूल घरी अहिराणी बोलतं, शाळेत मराठी वाचतं, टीव्हीवर हिंदी ऐकतं. गोंधळतं का? उलट, एकाच गोष्टीला दोन नावं असू शकतात हे त्याला आधीच माहीत असतं. फाइल, फोल्डर, टंकलेखन, माउस या गोष्टी सगळीकडे सारख्याच. दोन सिस्टीम बघितलेलं मूल तिसरीला घाबरत नाही. एकच बघितलेले आपण मोठे मात्र बटण जागेवर दिसलं नाही तरी हात मागे घेतो. केरळमधल्या सरकारी शाळांत तर अनेक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकवतात.

अडचणी आहेतच, त्या लपवत नाही. पेनड्राइव्हवरून सिस्टीम थोडी हळू चालते. लाइव्हमध्ये केलेलं काम बंद केल्यावर राहत नाही, ते वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावं लागतं. काही जुने प्रिंटर चालत नाहीत. नव्या संगणकावर सिक्युअर बूटमुळे पहिल्या वेळी एक जास्तीची पायरी करावी लागते. आणि विजेचा खेळखंडोबा कोणत्याच सिस्टीमने सुटत नाही!

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. आपण वर्गात प्रामाणिकपणाचा पाठ घेतो आणि त्याच वर्गातल्या संगणकावर चोरून बसवलेली सिस्टीम असते. मुलं विचारत नाहीत, म्हणून आपणही गप्प बसतो. या तिन्ही सिस्टीम मोफत आहेत, त्यांची प्रत दुसऱ्या शाळेला देणं कायदेशीर आहे. वाटून घेतल्याने कमी होत नाही, अशी ही वस्तू आहे.

पालकहो, तुमच्या घरातही एखादा जुना लॅपटॉप माळ्यावर पडला असेल. भंगारवाल्याला देण्याआधी शाळेत घेऊन या, एकदा पेनड्राइव्ह लावून बघू. मोबाइलवर मूल बहुतेक वेळ बघत बसतं. कीबोर्ड समोर आला की ते काहीतरी लिहितं. तिसरीतल्या एका मुलीने आमच्या त्या ‘मेलेल्या’ संगणकावर पहिल्यांदा काय लिहिलं असेल? स्वतःचं नाव, आणि त्याखाली आईचं.

शिक्षक मित्रांनो, पुढच्या शिक्षण परिषदेला येताना एक रिकामा पेनड्राइव्ह खिशात ठेवा. चहाच्या सुट्टीत बनवून होईल. निर्लेखनाचा कागद त्यानंतर करा.