विश्लेषण : घरची बोट बांधायची, पण जागा कुठे?

लाकडाचा भाव, सुताराची रोजी आणि इंजिनाचा खर्च कोकणातल्या नाखव्याला तोंडपाठ असतो. मोठी बोट स्वतःच्या देखरेखीखाली बांधायची ठरवली, की गाडी अडते ती चौथ्या गोष्टीवर. बोट उभी कुठे करायची? पूर्वी हा प्रश्न कुणी विचारत नसे. आता बोट बांधायची की नाही, हे त्याच्या उत्तरावर ठरू लागले आहे.

जागा किती लागते?

15 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद बोट धरू. चारही बाजूंनी सुतारांना फिरायला, शिड्या लावायला जागा हवी. म्हणजे 20 मीटर बाय 9 मीटर, साधारण 1,900 चौरस फूट. शिवाय लाकडाची रास, करवतीचे यंत्र, अवजारांची खोली. 2,500 चौरस फुटांखाली काम भागत नाही.

महिन्याला चौरस फुटामागे 10 रुपये भाडे धरले तर 25,000 रुपये होतात. दोन वर्षांचे 6 लाख. हा दर हिशेबाच्या सोयीसाठी धरला आहे; शहराजवळच्या किनाऱ्यावर तो कोण देईल, हे सांगायला नको.

खरी मेख दरापेक्षा वेळेत आहे. कारखान्यात बोट ठरलेल्या मुदतीत होते, कारण पैसा आधी उभा असतो. घरची बोट हंगामाच्या कमाईवर चढते. मासळी चांगली लागली तर फळ्या बसतात, नाही तर सांगाडा तसाच उभा. काम थांबले तरी भाडे थांबत नाही. म्हणून स्वतः बोट बांधणाऱ्याला जागा नुसती स्वस्त असून चालत नाही. काम रेंगाळले तरी परवडेल इतकी ती स्वस्त हवी.

गावाबाहेर, रस्त्याकडेला बांधली तर?

आत पाच-दहा किलोमीटरवर जमीन स्वस्त मिळते, हा सल्ला हमखास दिला जातो. पण मोटार वाहन नियमांनुसार रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी 2.6 मीटरपर्यंतच असू शकते. बोट त्याच्या जवळपास दुप्पट. विशेष परवानगी, लांब ट्रेलर, दोन्ही टोकांना क्रेन, वाटेतल्या विजेच्या तारा आणि गावातले वळण, एवढे सगळे आले. भाड्यात वाचलेले पैसे एका दिवसात जातात.

अमेरिकेत हे जमलेले आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रॅनबी या समुद्रापासून दूर असलेल्या गावी घराशेजारी 38 फुटी ‘अ‍ॅराबेला’ ही लाकडी बोट वर्षानुवर्षे खपून बांधली गेली आणि 2023 मध्ये ट्रकवरून मॅटापॉयसेटच्या किनाऱ्यावर नेऊन पाण्यात सोडली. पण तिथे जमीन घरची होती आणि रस्ते रुंद. कोकणातल्या आळीतून 5 मीटर रुंदीची बोट काढायची तर आधी कुणाची तरी गडगी पाडावी लागेल.

मग किनारा की खाडी?

बोट पाण्यात ढकलायची ती उधाणाच्या भरतीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. भांगाच्या भरतीला पाणी तेवढे वर चढत नाही. उघड्या पुळणीवर लाटांचा मार असतो, खाडीकाठी नसतो. विजयदुर्गजवळ गिर्ये येथे आरमाराची जुनी गोदी वाघोटण खाडीत आहे, ती उगीच नव्हे. कच्छमधल्या मांडवीत आजही मोठी लाकडी गलबते रुक्मावती नदीच्या पात्राकाठी, उघड्यावर बांधली जातात. म्हणूनच दर्शनी किनाऱ्यापेक्षा खाडीची आतली बाजू आधी पाहावी. तिथे समुद्र दिसत नाही, त्यामुळे रिसॉर्टवाल्यांचा डोळाही कमी असतो.

कायद्याची आडकाठी आहे का?

असा समज आहे, पण तो अर्धाच खरा. किनारा नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेने ना-विकास क्षेत्रातही मासे सुकवण्याची, जाळी विणण्याची आणि पारंपरिक बोटी बांधण्याची जागा स्थानिक मच्छीमारांसाठी मान्य केली आहे. 2019 च्या अधिसूचनेतही ही मुभा आहे. मात्र याच अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ना-विकास क्षेत्र 200 मीटरवरून 50 मीटरवर आणले. मोकळी राहिलेली पट्टी त्यामुळे बांधकामासाठी खुली होण्याची वाट झाली. एका हाताने मुभा आणि दुसऱ्या हाताने स्पर्धक, असा हा मामला आहे.

त्यात सातबाऱ्यावर नाव नाही. पिढ्यान्‌पिढ्या वापरातली पुळण कागदावर सरकारी असते. मुंबईत कोळीवाड्यांच्या सीमांकनाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आहे. जी जागा नकाशावर नाही, ती पार्किंग झाली तरी दाद कुठे मागायची? आणि धूप थांबवायला बांधलेल्या दगडी बंधाऱ्यात उतार ठेवला नसेल, तर मागची सगळी जमीन बोटीसाठी बाद होते.

जून-जुलैमध्ये काय होते?

1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांच्या मासेमारी बंदीत गावातल्या बोटी ओढून वर घेतल्या जातात, शाकारल्या जातात. तेव्हा अर्धवट सांगाडा सगळ्यांच्या वाटेत येतो आणि भाऊबंदकीला निमित्त मिळते. ‘हलव’ म्हणणारा शेजारी चुकीचा नसतो. सांगाडा हलत नाही, हेही खरे.

यावर उपाय फार मोठा नाही. प्रत्येक बंदराच्या गावात दोन-तीन बोटींपुरती जागा नकाशावर आखावी, ती मच्छीमार सोसायटीच्या ताब्यात द्यावी, भाडे नाममात्र आणि महिन्यावर असावे. वीज मीटर आणि पाण्यापर्यंत उतार हवाच. कुणी सांगाडा कुजत ठेवून जागा अडवेल, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी अनामत आणि मुदत ठेवता येते. बोटीच्या अनुदानावर जेवढ्या बैठका होतात, त्यातली एक या जागेवर झाली तरी पुष्कळ.

फायबरने जागा वाचेल?

थोडी वाचते, कारण साचा तयार असेल तर काम लवकर उरकते. पण फायबरच्या रेझिनला पावसाळी ओल चालत नाही, छप्पर लागतेच. लाकडी बोट माडाखाली उभी राहू शकते, फायबरची नाही.

तोवर लाकूड घेण्याआधी जागामालकाकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : काम लांबले तर भाडे किती वाढणार, आणि बोट तयार होईल त्या उधाणापर्यंत पाण्याकडची वाट मोकळी राहणार का. पहिली सगळे विचारतात, दुसरी बहुतेक जण विसरतात. आणि कुंपण नेमके त्याच बाजूला पडते.