आधी डिझेल बघा

एसटीच्या वर्कशॉपात मी ३१ वर्षं काढली. गाडी सुरू होत नाही म्हटलं की नवा पोरगा पाने घेऊन थेट इंजिनावर चढायचा. आमचे हेडमेकॅनिक त्याला खाली उतरवायचे. “टाकीत डिझेल आहे का ते बघ आधी.”

हे आठवलं ते घरच्या संगणकामुळे. २०१४ साली मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेला, चौथ्या पिढीचा आय-थ्री, दोन-दोन जीबीच्या दोन रॅम. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचं यंत्र दोन्हीत नापास. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, पण वर्षानंतर पुन्हा तेच. म्हणून लिनक्स मिंट बसवायचं ठरवलं. ते फुकट मिळतं, दोन जीबी रॅमवरही चालतं, आणि बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. फोटो आधी दुसरीकडे काढून ठेवले, हे सांगायला हवं. पुष्कळ जण नेमके तिथेच रडतात.

अर्ध्यावर इन्स्टॉलेशन थांबलं. पडद्यावर इनपुट-आउटपुट एरर, आणि खाली सल्ले: सीडी पुसा, हार्ड डिस्क जुनी झाली का बघा, यंत्र थंड जागी हलवून पाहा. रत्नागिरीत, ऑक्टोबरात, थंड जागा! तरी पंखा आणून समोर ठेवला. फरक शून्य.

बाजारातल्या दुकानदाराने मी फोनवर काढलेला पडद्याचा फोटो पाहिला आणि म्हणाला, “हार्ड डिस्क गेली काका. अकरा वर्षांचा डबा, कशाला खर्च करताय? नवीनच घ्या.” माणूस वाईट नाही. पण यंत्राला हात न लावता इंजिन गेलं म्हणणारा मेकॅनिक आमच्याकडे दोन दिवस टिकला नसता.

घरी येऊन पेन ड्राइव्हवरच्या मिंटमधूनच हार्ड डिस्कची तब्येत पाहिली. डिस्क स्वतःच्या खराब जागांची नोंद स्वतःच ठेवते. खराब म्हणून बदललेले सेक्टर शून्य. मग मिंटची फाइल. मुलीने तिच्या लॅपटॉपवर उतरवली होती. तिथेच चेकसम, म्हणजे फाइलचा ६४ अक्षरांचा ठसा, मूळ ठशाशी जुळवला. जुळला. पेन ड्राइव्ह बदलला. पुन्हा एरर, पण या वेळी दुसऱ्याच ठिकाणी. तिसऱ्यांदा आणखी तिसरीकडे.

इथे माझे कान टवकारले. डिस्कवरचा खड्डा एका जागी असतो, गाडी दर वेळी तिथेच आपटणार. दर फेरीला वेगळ्या वळणावर बंद पडते, तेव्हा रस्त्याला दोष देऊन उपयोग नाही. रात्री मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी, लावून झोपलो. सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला. प्लग काढून डबा उघडला, एक रॅम काढली आणि पुन्हा तपासणी केली. मग तिच्या जागी दुसरी. एक निर्दोष, एकीवर लाल ओळी. त्या पट्टीचे सोनेरी दात काळपटले होते.

मांडवी किनाऱ्याजवळ राहणाऱ्याला याचं नवल नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि उरलेले महिने खारा वारा. खिडकीचे गज, स्कूटरचा सायलेन्सर, दाराची कडी, सगळं तो हळूहळू खातो. संगणकावर बायकोने विणलेला रुमाल घातला होता, एवढंच काय ते संरक्षण. नातवाचा खोडरबर घेतला आणि दात हलक्या हाताने पुसले. जोरात घासलं तर सोन्याचा मुलामाच निघतो. पट्टी पुन्हा बसवली, रात्रभर मेमटेस्ट, एकही लाल ओळ नाही. दुसऱ्या दिवशी चहा होईस्तोवर मिंट बसलं.

माझं भांडण दुकानदाराशी नाही, आपल्याशी आहे. पाण्याचा पंप बंद पडला तर आपण फ्यूज बघतो, फूटव्हॉल्व्ह बघतो. संगणकापुढे मात्र हात जोडून उभे राहतो. एरर आली की वाचायच्या आधी बंद करतो, मग कुणीतरी ‘फॉर्मॅट मारा’ म्हणतो, तेही जमलं नाही की भंगार. आपल्या पोरांना संगणक शिकवतात म्हणजे पत्र टाइप करायला आणि तक्ता करायला शिकवतात. एक जुनं यंत्र वर्गात ठेवून, त्याची एक रॅम मुद्दाम सैल करून, शोधा म्हणावं. एका वेळी एकच गोष्ट बदला, बदल वहीत लिहा. दोन तासांचा खेळ आहे. आणि ती इंग्रजी एरर फळ्यावर लिहून मराठीत समजावावी. निम्मी भीती त्या इंग्रजीचीच असते.

दुकानात गेलात तरी एवढं विचारा: डिस्क गेली, हे कोणत्या तपासणीवरून? मी ते तिथल्या तिथे विचारलं नाही, याची अजून रुखरुख आहे.

एक काम बाकी आहे. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपलाय. परतीच्या पावसात विजा चमकतात म्हणून रात्री प्लग काढून ठेवतो, आणि सकाळी यंत्राला वाटतं २०१४ सालच चालू आहे. एफ-वन दाबून पुढे जातो. बायको म्हणते, एवढा मोठा मेकॅनिक आणि एक सेल आणवत नाही. उद्या आणतो म्हणालोय.